बिनतारी संदेशाची शिदोरी

बिनतारी संदेशविद्येचा इतिहास सांगू लागले, की काही नावे आपोआप ओठांवर येतात. हर्ट्झ, जगदीशचंद्र बोस, मार्कोनी, आर्मस्ट्राँग ही ती नावे. त्यांच्यामागून उंच मनोरे येतात, समुद्रापलीकडे गेलेले पहिले संकेत येतात, बुडत्या जहाजांच्या हाका येतात. परंतु ज्या विजेवर हे सारे चालते, ती वीज यंत्राला पचेल अशा रूपात आणून देणारी जी साधी, जड, बहुधा कपाटाच्या तळाशी ठेवलेली पेटी असते, तिचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. पंगतीत जेवणारे दिसतात. चुलीपाशी कोण बसले आहे हे कोणी पाहत नाही. आज त्या चुलीपाशी जाण्याचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका किंवा वनखाते यांच्या हाती जे बोलके संच असतात, त्यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत धावतात. मध्ये डोंगर आला, की आवाज तेथेच अडतो. म्हणून त्या डोंगराच्याच माथ्यावर एक यंत्र बसवितात. दरीतून आलेला क्षीण आवाज ते एका लहरीवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर मोठ्या सामर्थ्याने पुन्हा सोडते. याला रिपीटर म्हणतात. हातातील संचाचे बळ जेमतेम चार-पाच वॅटचे. पण रिपीटरच्या खांद्यावर चढल्यामुळे तो आवाज पलीकडच्या तालुक्यापर्यंत पोहोचतो. या रिपीटरला लागणारी वीज मात्र घरातल्या विजेसारखी उलटसुलट वाहणारी, २३० व्होल्टची चालत नाही. त्याला एकाच दिशेने वाहणारी, बारा-चौदा किंवा चोवीस-अठ्ठावीस व्होल्टची, स्थिर वीज हवी. हे रूपांतर करणारी पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. ती बंद पडली, की डोंगरावरचा मनोरा हा केवळ लोखंडाचा खांब उरतो.

आता मागे जाऊ. शंभर वर्षांपूर्वी, १९२० नंतरच्या दशकात, घरातील रेडिओ संच हे बॅटऱ्यांवर चालत. व्हॉल्व्हची तार तापविण्यासाठी एक, व्हॉल्व्हच्या पट्टीला उच्च दाब देण्यासाठी दुसरी आणि जाळीसाठी तिसरी, अशा तीन प्रकारच्या बॅटऱ्या लागत. पहिलीत आम्ल असे, ते सांडे, गालिचे जाळी, आणि ती वरचेवर चार्ज करून आणावी लागे. कॅनडातील टोरोंटो शहरी एडवर्ड रॉजर्स या तरुणाने १९२५ मध्ये भिंतीतील विजेवर सरळ चालणारा रेडिओ तयार केला. ज्यांचे संच जुने होते त्यांच्यासाठी ‘बॅटरी एलिमिनेटर’ नावाची पेटी बाजारात आली. बॅटरीची जागा घेऊन भिंतीतली वीज संचाला पुरविणे हे तिचे काम. घरोघर पोहोचलेला पहिला पॉवर सप्लाय तो हाच.

येथे इतिहासाने एक चमत्कारिक गाठ मारून ठेवली आहे. १९२८ मध्ये शिकागो येथे पॉल गॅल्व्हिन आणि जोसेफ गॅल्व्हिन या दोघा भावांनी एका बुडालेल्या बॅटरी कंपनीचा एलिमिनेटरचा धंदा लिलावात विकत घेतला आणि गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन स्थापन केली. हाती भांडवल ५६५ डॉलर आणि कामाला पाच माणसे. एलिमिनेटरची मागणी लवकरच ओसरली, कारण नवे रेडिओ सरळ विजेवरच चालू लागले. तेव्हा या मंडळींनी १९३० मध्ये मोटारगाडीत बसणारा रेडिओ काढला व त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव धारण केले. पुढे दुहेरी बोलक्या बिनतारी यंत्रांच्या जगात जे नाव सर्वतोमुखी झाले, त्याचा पाया पॉवर सप्लायच्या पेटीवर रचलेला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांना बिनतारी आज्ञा नियमितपणे देण्यास प्रारंभ केला. पण हे संभाषण एकतर्फी होते. गाडीतील शिपायाला ऐकू येई. उत्तर द्यावयाचे तर रस्त्याकाठचा टेलिफोन गाठावा लागे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन या गावाच्या पोलिसांनी गाडीतूनही बोलता येईल अशी व्यवस्था केली. पुढे १९४० च्या सुमारास प्राध्यापक डॅनिएल नोबल यांनी कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी आर्मस्ट्राँगच्या एफ.एम. पद्धतीवर चालणारी राज्यव्यापी यंत्रणा उभी केली. हे नोबल नंतर गॅल्व्हिन कंपनीतच गेले.

या सर्व प्रगतीत अडचण होती ती विजेची. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची आणि व्हॉल्व्हना हवे दोनशे-तीनशे व्होल्ट. एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवू शकत नाही. त्याला उलटसुलट वीज लागते. म्हणून ‘व्हायब्रेटर’ नावाची युक्ती निघाली. पोलादी पातळ जिभेसारखी एक पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरे आणि बॅटरीचा प्रवाह आळीपाळीने ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना देई. तिची गुंजारव केल्यासारखी कुरकुर त्या काळच्या प्रत्येक गाडीच्या रेडिओत ऐकू येई. बोलण्याच्या बाजूला अधिक शक्ती लागे, तेथे ‘डायनामोटर’ असे. मोटर आणि जनित्र एकाच कण्यावर बसविलेले हे यंत्र बोलण्याचे बटन दाबताच शीळ घालीत फिरू लागे.

व्हायब्रेटरचे आयुष्य बेताचे. ठिणग्यांनी त्याची टोके खरवडली जात, कधी एकमेकांना चिकटून बसत. म्हणून तो व्हॉल्व्हप्रमाणे खोबणीतून उपसून बदलता येईल असाच बनवीत. परंतु अनुभवी कारागीर तेवढ्यावर थांबत नसे. ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या बाजूला ठिणग्या शमविणारा एक छोटा कंडेन्सर असे. तो बिघडला, की नवा व्हायब्रेटरही काही दिवसांत जळे. नवशिका नुसता व्हायब्रेटर बदली. जाणता मनुष्य त्याबरोबर तो दोन-चार आण्यांच्या मोलाचा कंडेन्सरही बदलून टाकी. पॉवर सप्लायच्या दुरुस्तीचे पहिले सूत्र येथेच सिद्ध झाले: जे जळाले आहे ते बहुधा बळी असते, अपराधी शेजारी शांतपणे बसलेला असतो.

डोंगरावरील व मुख्यालयातील ठाण्यांत गाडीची अडचण नव्हती. तेथे भिंतीतील वीज ट्रान्सफॉर्मरमधून, मग ती एकदिश करणाऱ्या रेक्टिफायरमधून आणि शेवटी कंडेन्सरमधून जाई. रेक्टिफायरमधून आलेली वीज एकाच दिशेची असली तरी लाटांसारखी उसळत येते. त्या लाटा सपाट करण्याचे काम कंडेन्सरचे. विहिरीवरच्या मोटेचे पाणी भसाभसा पडते. पण मध्ये हौद बांधला म्हणजे पाटातून एकसारखे वाहते, तसाच हा प्रकार. थोड्या जागेत मोठा हौद बांधण्याची विद्या कॅरोल पोलाक या पोलिश संशोधकाच्या १८९६ मधील कामापासून सुरू होते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर विद्युत्क्रियेने आलेला ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर हीच त्या हौदाची भिंत. पुढे अमेरिकेत सॅम्युअल रूबेन यांनी १९२५ च्या सुमारास त्याचे कोरडे, सुटसुटीत रूप सिद्ध केले. याला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर म्हणतात. ‘कोरडे’ म्हटले तरी त्यात द्रवाने भिजविलेला कागद असतोच, आणि तेथेच त्याच्या मरणाचे बीज आहे. वर्षानुवर्षे उष्णतेत राहून तो ओलावा उडून जातो, अंतर्गत रोध वाढतो, हौद गळू लागतो. तापमान दहा अंशांनी वाढले, की त्याचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा व्यवहारातला हिशेब आहे. पत्र्याच्या छपराखाली, एप्रिल-मेच्या उन्हात, बंद कपाटात बसलेल्या कंडेन्सरची कल्पना यावरून करावी.

पण या जुन्या पेट्यांमध्ये एक मोठा गुण होता. त्या आजारी पडल्या म्हणजे कण्हत. कंडेन्सर सुकू लागला, की लाटा सपाट होत नसत, आणि बोलणाऱ्याच्या आवाजामागे सेकंदाला शंभर कंपनांची एक गुणगुण ऐकू येई. ती महिन्या-महिन्याने वाढत जाई. सेलेनियमचा रेक्टिफायर जळाला, तर त्याची कुजकट दुर्गंधी खोलीत शिरताच ओळखता येई. ती विषारी असल्याने खिडक्या उघडाव्या लागत. सारांश, रोग आपली वर्दी स्वतःच देई.

यानंतरची पायरी फेरोरेझोनंट ट्रान्सफॉर्मरची. अमेरिकन अभियंता जोसेफ सोला यांनी १९३८ च्या सुमारास हे तत्त्व व्यवहारात आणले. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याचा एक भाग चुंबकत्वाने पूर्ण भरून जाईल असा ठेवावयाचा आणि त्याच्या एका वेटोळ्याला तेलाने भरलेला मोठा कंडेन्सर जोडावयाचा. मग बाहेरची वीज दहा-पंधरा टक्क्यांनी वरखाली झाली तरी आतून मिळणारा दाब जवळजवळ तेवढाच राहतो. यात ना हलणारा भाग, ना नाजूक नियंत्रक. वजनाने धोंड्यासारखी जड आणि सदा घुमणारी ही पेटी डोंगरावरच्या ठाण्यांना इतकी मानवली, की अमेरिकेतील कित्येक रिपीटरांत ती दशकानुदशके राहिली. तिचा रोगही सरळ असे. तेलाचा कंडेन्सर दुबळा झाला, की दाब खाली येई, प्रक्षेपणाचे बळ घटे, आणि ‘आवाज पूर्वीसारखा पोहोचत नाही’ अशी दूरच्या चौकीची तक्रार येई. मात्र एक खोड होती. ही पेटी विजेच्या दाबाला जुमानीत नसली, तरी विजेच्या कंपनसंख्येला फार जपे. कंपनसंख्या एक टक्का चळली, तर दाब त्याहून थोडा अधिकच चळे. म्हणून वीज गेल्यावर जनरेटर लावला आणि त्याचा वेग नीट राखला नाही, तर निरोगी पेटीही रोग्यासारखी वागे. हे न कळून चांगल्या पेट्या उघडल्या जात. जुन्या काही कंडेन्सरांतील तेल आरोग्यास घातक अशा पी.सी.बी. रसायनांचे असे. अमेरिकेने १९७९ मध्ये त्या रसायनांच्या उत्पादनावर बंदी घातली. फुगलेला जुना डबा उघड्या हाताने हाताळू नये, हा धडा तेव्हापासूनचा.

१९७० नंतरच्या काळात ‘स्विच-मोड’ पद्धती पुढे आली आणि आता सर्वत्र तीच आहे. हिच्यात भिंतीतील वीज प्रथम सरळ एकदिश करून सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत नेतात. मग ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात. इतक्या वेगाच्या विजेला ट्रान्सफॉर्मर अगदी लहान पुरतो. वजन घटले, उष्णता घटली, विजेची बचत झाली. विचार केला तर हा व्हायब्रेटरचाच नातू. थरथरणाऱ्या पोलादी पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आला, एवढेच.

परंतु आजोबा कुरकुरत असत, नातू मात्र अबोल आहे. या पद्धतीत एक नियंत्रक क्षणोक्षणी दाब मोजून दुरुस्त करीत असतो. आतले कंडेन्सर सुकत चालले, तरी तो ती उणीव बराच काळ झाकून ठेवतो. बाहेर चौदा व्होल्ट म्हणजे चौदा व्होल्ट. गुणगुण नाही, वास नाही, तक्रार नाही. आणखी एक गोम आहे. पेटी सुरू होण्याच्या क्षणी नियंत्रकाला पहिला घोट वीज देण्यासाठी बहुधा एक बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. एकदा पेटी चालू झाली, की ती स्वतःच्याच विजेवर नियंत्रकाला पोसते. त्या छोट्या कंडेन्सरची गरज फक्त आरंभी. तो सुकून निकामी झाला, तरी चालती पेटी चालतच राहते. दहा वर्षे न थांबता चाललेला रिपीटर पाहून अधिकारी समाधान मानतात. मग एका वादळी रात्री वीज जाते, थोड्या वेळाने परत येते, आणि रिपीटर काही केल्या उठत नाही. तो त्या रात्री बिघडला असे आपण म्हणतो. वस्तुतः तो कित्येक महिने आधीच बिघडलेला होता. इसवी सन २००० च्या आगेमागे सदोष द्रव भरलेले असंख्य कंडेन्सर जगभर विकले गेले आणि संगणकांपासून पॉवर सप्लायपर्यंत अनेक यंत्रांत ते फुगून फुटले, तेव्हा या चिमुकल्या भागांवर आपले किती अवलंबून आहे याचा प्रत्यय सर्वांना आला.

या साऱ्याचे गांभीर्य शांततेच्या दिवसांत कळत नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. जगातील अत्यंत संपन्न देशातील न्यू ऑर्लिन्स शहराच्या पोलिसांची बिनतारी यंत्रणा ऐन वेळी मुकी झाली. घरांच्या छपरांवर माणसे अडकली होती, आणि मदत करणाऱ्या अनेक दलांना मोजक्या समाईक वाहिन्यांवर एकमेकांचे बोलणे तोडत काम करावे लागले. तेथील दळणवळण आयोगाने नेमलेल्या समितीने २००६ मध्ये जी मुख्य कारणे नोंदविली, ती तीन होती: पूर, वीज व इंधन यांचा अभाव, आणि पर्यायी मार्गांचे एकाच वेळी कोसळणे. दुरुस्तीला निघालेल्या तंत्रज्ञांना आपद्ग्रस्त भागात प्रवेश मिळण्यातही अडथळे आले. म्हणजे दोष मनोऱ्याचा नव्हता आणि लहरींचाही नव्हता. शिदोरी संपली होती आणि शिदोरी नेणारा वाटेत अडला होता. यावर आयोगाने २००७ मध्ये मोबाइलच्या मनोऱ्यांना आठ तास पुरेल इतकी राखीव वीज ठेवण्याचा नियम काढला. तो वादात सापडला आणि अमलात आलाच नाही.

आपल्या देशातही हे अनुभव आहेत. पोलिसांच्या बिनतारी दळणवळणाचा मेळ घालणारे केंद्रीय संचालनालय १९४६ मध्ये स्थापन झाले. तरी मोठ्या आपत्तीत सरकारी तारा तुटल्या, तेव्हा हौशी बिनतारी संदेशक धावून आले आहेत: ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-किल्लारीच्या भूकंपात, २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबार झोडपले, त्या वेळी भारती प्रसाद यांची हौशी संदेशकांची तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथेच होती. हैदराबाद येथील, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या, राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची ती मोहीम होती. छंदासाठी नेलेले यंत्र घटकेत संकटाचे संदेशकेंद्र बनले आणि बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांना कळू लागली. हे संदेश डोंगरावरच्या रिपीटरमधून नव्हे, थेट लघुलहरींवरून गेले. तरी धडा एकच. भिंतीतील वीज नाहीशी झाल्यावर ज्याच्यापाशी स्वतःची वीज आणि ती सांभाळण्याचे ज्ञान असते, त्याचाच आवाज ऐकू येतो.

हे ज्ञान कोणते? ते फार गूढ नाही. पेटी उघडण्यापूर्वी आतील मोठ्या कंडेन्सरमधील साठा रोधकातून रिता करावा, कारण बटन बंद केल्यावरही तेथे प्राणघातक दाब दडून राहतो. दुरुस्त पेटीला प्रथमच वीज देताना मालिकेत एक साधा दिवा जोडावा, ही आपल्या कारागिरांची जुनी रीत आजही खरी आहे. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत कोठे तरी सरळ जोड झाला आहे. एक कंडेन्सर फुगलेला दिसला, तर त्याच्याच वयाचे, त्याच उष्णतेत राहिलेले त्याचे सोबतीही बदलावेत. पेटीची परीक्षा रिकाम्या हाताने न घेता पूर्ण भार देऊन घ्यावी. आणि अबोल पेट्यांच्या या युगातील सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की वर्षातून एकदा, स्वच्छ हवेच्या दिवशी, दुरुस्तीचे सामान जवळ असताना, आपण होऊन वीज बंद करावी आणि पुन्हा लावून पाहावी. जी पेटी उठावयाची नाही, ती त्या दिवशी उठू नये हेच इष्ट.

येथे मात्र काळाची गती उलटी आहे. अनेक नव्या यंत्रांबरोबर आतल्या रचनेचा नकाशा मिळत नाही. बिघडलेली पेटी सबंध फेकून नवी बसवावी, असा सल्ला मिळतो. नवी पेटी गोदामात असेल तोवर तो सल्ला व्यवहार्यही असतो. पण पूल वाहून गेलेला असतो, रस्ता खचलेला असतो, तेव्हा गोदाम डोंगराच्या पलीकडे असते आणि डाखणी व चार कंडेन्सर घेतलेला जाणता मनुष्य अलीकडे असतो. आम्ही शिक्षक मुलांकडून ट्रान्सफॉर्मरची सुबक आकृती काढून घेतो आणि गुण देतो. परंतु एखादी बंद पडलेली पेटी त्यांच्यापुढे ठेवून ‘हिच्यातील बळी कोणता आणि अपराधी कोणता’ असे विचारीत नाही. तसे विचारले, तर पुस्तकातील चार ओळींना अर्थ येईल आणि उद्याचा एखादा कारागीरही घडेल.

मत्तयच्या शुभवर्तमानात दहा कुमारींचा दाखला आहे. दिवे सर्वांच्या हाती होते आणि झोपही सर्वांनाच लागली. पण मध्यरात्री हाक आली तेव्हा जिच्यापाशी तेलाची जादा कुपी होती, तिचाच दिवा पेटला. डोंगरमाथ्यावरचे आपले रिपीटर हे असेच दिवे आहेत. हाक केव्हा येईल, हे कोणाला सांगता येणार नाही. तेल आहे की नाही, हे मात्र आजच पाहता येते.